कर्बी कुणाचा?

मार्व्हल की डीसी, असं कुणी विचारलं की मी ‘जॅक कर्बी’ असं उत्तर देतो. विचारणाऱ्याला वाटतं, मी प्रश्न टाळतोय. पण मी मनापासून सांगत असतो. अमेरिकेतल्या ह्या दोन कॉमिक कंपन्यांची चुरस मी लहानपणापासून पाहत आलो, त्यांचे सिनेमे पहिल्या आठवड्यात गाठत आलो, आणि ह्या सगळ्यात माझी निष्ठा हळूहळू कंपन्यांवरून उठून माणसांवर जाऊन बसली. त्यातही एका माणसावर. दोन्हीकडच्या विश्वांचा केवढा तरी भाग त्याच्या पेन्सिलीतून उतरलाय. दोन्हीकडे तो राबला आणि दोन्हीकडून दुखावून बाहेर पडला.

कर्बीचं खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग. 28 ऑगस्ट 1917 रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये त्याचा जन्म झाला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. दाटीवाटीची वस्ती, गल्लीगल्लीतल्या पोरांच्या टोळ्या, त्यांच्या मारामाऱ्या. आपल्या चित्रांतले ठोसे त्या गल्ल्यांतून आले, असं तो स्वतः सांगायचा. 1940च्या डिसेंबरात जो सायमन आणि कर्बी ह्या जोडीनं ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक बाजारात आणला. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या तोंडावर ठोसा हाणतोय. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला अजून वर्ष होतं, अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. म्हणजे देशाच्या आधी ह्या दोन ज्यू तरुणांनी युद्ध पुकारलं होतं. त्यांचा प्रकाशक होता मार्टिन गुडमन. कंपनीचं तेव्हाचं नाव टाइमली, तीच पुढे मार्व्हल झाली. दहा अंक निघाले. नफ्यातला कबूल झालेला वाटा पदरात पडत नाही असं दिसल्यावर दोघं उठून नॅशनलकडे गेले. नॅशनल म्हणजे आजची डीसी. कर्बीनं रस्ता ओलांडला तो इथे पहिल्यांदा. पुढे तो युद्धावर गेला, 1944 साली नॉर्मंडीत उतरला, थंडीनं पाय गोठून ते कापायची वेळ आली होती त्यातून वाचला, आणि परत येऊन पुन्हा पेन्सिल घेऊन बसला.

माझी ह्या दुनियेशी ओळख झाली ती मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर. वडील ऑफिस सुटल्यावर हुतात्मा चौकाजवळच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे थांबायचे आणि घरी येताना कधीतरी एखादं अमेरिकन कॉमिक घेऊन यायचे. इंद्रजाल कॉमिक्समधला मराठी बोलणारा वेताळ आमच्या घरात आधीपासून होताच. पण ही कॉमिक्स वेगळी होती. कागद पिवळा, काहींची मुखपृष्ठं फाटलेली, गोष्ट मध्येच सुरू होऊन मध्येच तुटणारी. पुढचा अंक मिळेल ही आशा नसायची. मिळेल तेवढं वाचायचं आणि उरलेलं मनानं रचायचं. कुठलं पान कुठल्या कंपनीचं, हे मला कळत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. माझ्या मनात स्पायडरमॅन आणि बॅटमॅन एकाच शहरात राहायचे. मला कळायची ती फक्त रेघ. काही पानांवरची माणसं नेहमीच चौकटीच्या बाहेर झेपावायची, त्यांच्या बोटांची टोकं चौकोनी असायची, त्यांच्याभोवतीच्या ऊर्जेत काळे गोल ठिपके उसळत असायचे. हा एकाच माणसाचा हात आहे, हे त्याचं नाव ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी मला समजलं होतं.

कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न आला सिनेमांबरोबर. माझा भाचा तर तो प्रश्न घेऊनच मोठा झालाय. “मामा, तू टीम मार्व्हल ना?” असं तो इतक्या काळजीनं विचारतो, जणू माझ्या उत्तरावर त्याचं-माझं नातं अवलंबून आहे. त्याच्या वर्गात ह्यावरून अबोले होतात. मला त्याच्या त्या तळमळीचं कौतुकच वाटतं. मात्र त्याला एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती 1957 सालची आहे.

त्या वर्षी गुडमनचा धंदा बुडायला आला होता. आधी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून अमेरिकेत मोठं काहूर उठलं, 1954 साली प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि कितीतरी लहान कंपन्या मिटल्या. त्यात गुडमनचे अंक देशभर पोहोचवणाऱ्या अमेरिकन न्यूज कंपनीनं कारभार आवरला. छापलेले अंक दुकानांपर्यंत नेणार कोण? शेवटी त्याला एकच दार उघडं सापडलं, इंडिपेंडंट न्यूज नावाच्या वितरकाचं. ही कंपनी नॅशनलच्याच मालकांची होती. स्पर्धकाला त्यांनी हात दिला, पण अट घालून: महिन्याला आठ अंकांहून जास्त आम्ही वाहणार नाही. गुडमननं तोड काढली. सोळा मासिकं दोन-दोन महिन्यांनी काढायची. ‘फँटॅस्टिक फोर’, ‘स्पायडरमॅन’, ‘हल्क’, ‘एक्स-मेन’ ह्या सगळ्यांचा जन्म ह्या अटीखाली झाला. मार्व्हलच्या सुवर्णकाळातली बहुतेक सगळी वर्षं तिचे अंक डीसीच्या मालकांच्या जाळ्यातून वाचकांपर्यंत जात होते, आणि ही व्यवस्था 1968पर्यंत चालली.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो. तेव्हाचे अमेरिकन वाचकही आपापल्या बाजू घेऊन भांडत असणार. त्यांनी मार्व्हलच्या अंकासाठी मोजलेल्या प्रत्येक नाण्यातला काही हिस्सा पलीकडच्या घरी जात होता.

त्या आठ अंकांच्या तंग जागेतच सगळं उलटलं. 1960 साली डीसीनं आपले नायक एकत्र आणून ‘जस्टिस लीग’ काढली, ती धडाक्यात खपली. गुडमननं आपल्या संपादकाला, स्टॅन लीला, तसलंच काहीतरी काढायला सांगितलं. ली तेव्हा धंद्याला कंटाळून सोडण्याच्या बेतात होता. बायको म्हणाली, सोडायचंच आहे तर एकदा मनासारखं लिहून बघ. त्यानं आणि डीसीकडून फिरून परत आलेल्या कर्बीनं 1961 साली ‘फँटॅस्टिक फोर’ आणलं. त्यातले चौघं आपसात भांडतात, त्यांच्यातल्या एकाला स्वतःच्या दगडी अंगाची लाज वाटते. पुढच्याच वर्षी ली आणि स्टीव्ह डिट्को ह्यांनी भाडं भरायची चिंता करणारा पोरगा भिंतीवर चढवला. कामाची पद्धत अशी होती की लेखक गोष्टीचा ढोबळ आराखडा द्यायचा, कधी नुसता तोंडी, आणि चित्रकार वीस पानांत ती गोष्ट घडवून आणायचा. संवाद नंतर भरले जायचे. अशा पद्धतीत गोष्ट कुणाची, हा प्रश्न कोर्टात जायला पन्नास वर्षं लागली, पण तो त्या पानांत पहिल्या दिवसापासून होता.

ली आणि कर्बी ह्यांच्यात नक्की कुणी काय केलं ह्यावर अमेरिकेत पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत. माझं मत असं की लीनं ह्या माणसांना आवाज दिला. तो आवाज नसता तर मी त्यांच्यावर इतका जीव टाकला नसता. मात्र त्यांची शरीरं, त्यांची शहरं, त्यांचं आकाश कर्बीचं आहे. ‘सिल्व्हर सर्फर’चंच बघा. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसला एखादा दूत असावा असं कर्बीला वाटलं आणि त्यानं तो पानावर काढून टाकला. लीला तो पहिल्यांदा भेटला चित्र हातात आल्यावरच. हे लीनंच सांगून ठेवलंय.

1970 साली कर्बीनं पुन्हा रस्ता ओलांडला. गुडमननं कंपनी विकली होती, नव्या मालकांना त्याच्याशी नीट करार करायचा नव्हता. डीसीनं जाहिरात केली, कर्बी येतोय! मार्व्हलच्या वाचकांना तेव्हा काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. डीसीत त्यानं एकाच वेळी चार मालिकांतून एक अख्खी पुराणकथा मांडायला घेतली. दोन ग्रह, एक उजेडाचा, एक अंधाराचा, आणि शांततेसाठी दोन्हीकडच्या राजांनी एकमेकांना देऊन टाकलेले मुलगे. अंधाराच्या ग्रहाचा राजा डार्कसाइड हा मला आजही कॉमिक्समधला सगळ्यात भीतिदायक खलनायक वाटतो, कारण त्याला नुसतं जग जिंकायचं नाही, त्याला माणसाची स्वतंत्र इच्छाच पुसून टाकायची आहे. हिटलरशी प्रत्यक्ष लढून आलेल्या माणसानं तो काढलाय, हे पानोपानी जाणवतं.

त्या मालिकांपैकी एक होती ‘जिमी ओल्सन’, सुपरमॅनच्या पत्रकार मित्राची. तिच्यात साहजिकच सुपरमॅन यायचा. कर्बीची पानं कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला पोचली की ऑफिसात दुसऱ्या चित्रकाराकडून सुपरमॅनचा चेहरा पुसून नव्यानं काढला जायचा, कंपनीच्या ठरलेल्या साच्यातला. जिमीचाही. अंग कर्बीचं, मान कर्बीची, त्यावर डोकं दुसऱ्याचं. ज्या माणसाला इतक्या गाजावाजानं पळवून आणलं त्याच्या हातावर एवढाही विश्वास नव्हता. ती पानं मी पुनर्मुद्रणात पाहिली आहेत आणि ती पाहताना दरवेळी माझ्या पोटात तुटतं. अख्ख्या चौकटीत वारा सुटलेला आहे आणि मधोमध एक गुळगुळीत, कुठल्याही अंकातला चेहरा.

दोन-तीन वर्षांत ती पुराणकथा अर्ध्यावर बंद पडली. कर्बी 1975च्या सुमारास मार्व्हलकडे परतला. दरम्यान मार्व्हलमध्ये जिम स्टारलिन नावाच्या तरुण चित्रकारानं कर्बीच्या त्या नव्या देवांवरून , म्हणजे त्या पुराणकथेतल्या पात्रांवरून, स्फूर्ती घेऊन एक खलनायक रचला होता. 1973च्या ‘आयर्न मॅन’च्या अंकात तो आला. सुरुवातीला तो सडपातळ होता. संपादक रॉय थॉमस म्हणाला, डार्कसाइडचीच नक्कल करायची आहे तर त्याला नीट धिप्पाड तरी कर. त्याचं नाव थॅनोस. 2019 साली ‘एंडगेम’नं जगभर सुमारे 280 कोटी डॉलर कमावले तो हाच थॅनोस. डार्कसाइड पडद्यावर नीट दिसायला 2021 उजाडलं, आणि तेव्हा माझा भाचा म्हणाला, “मामा, हे तर थॅनोसचंच चोरलंय!” त्याला मी त्या संध्याकाळी सगळी हकिकत सांगितली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “म्हणजे दोघंही त्या आजोबांचेच.” मला ह्याहून वेगळं काही सांगायचं नव्हतं.

स्टारलिनचीच पुढची गोष्ट आहे. 2016च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये अनातोली न्याझेव्ह नावाचा एक रशियन गुंड आहे. स्टारलिननं डीसीसाठी ऐंशीच्या दशकात काढलेला केजीबीस्ट तो हाच. सिनेमा पाहिलेल्यांपैकी फार थोड्यांना तो आठवेल. 2017 साली स्टारलिननं जाहीरपणे सांगितलं की ह्या एका गुंडापोटी डीसीनं त्याला पाठवलेला चेक थॅनोस, गमोरा आणि ड्रॅक्स ह्या तिघांपोटी मार्व्हलच्या सगळ्या सिनेमांतून मिळालेल्या पैशांहून कितीतरी मोठा होता. पुढे मार्व्हलनं त्याच्याशी नवा करार केला. पण तो त्यानं बोलून दाखवल्यावर.

म्हणजे डीसी चांगली आणि मार्व्हल वाईट, असं कुणी म्हणेल. त्यांनी क्लीव्हलँडच्या दोन मुलांकडे बघावं. जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्यांनी सुपरमॅन रचला आणि 1938 साली त्याचे सगळे हक्क 130 डॉलरना दिले. तो चेक जपून राहिला. 2012 साली त्या कागदाच्या कपट्याचा लिलाव झाला, 1 लाख 60 हजार डॉलरना. दोघांनी पुढे कोर्टात धाव घेतली तेव्हा काम गेलं आणि अंकांवरून नावंही गेली. सीगल मिळेल तिथे लिहीत राहिला. 1963 साली त्यानं मार्व्हलसाठीही दोन गोष्टी लिहिल्या, जो कार्टर ह्या टोपणनावानं. सुपरमॅनचा बाप मार्व्हलच्या अंकात, आणि तोही खोट्या नावानं! 1975 साली सुपरमॅनचा भव्य सिनेमा येणार ही बातमी आली तेव्हा सीगल कारकुनी करून पोट भरत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळपास गेली होती. सीगलनं वर्तमानपत्रांना एक लांबलचक, संतापानं भरलेलं पत्र पाठवलं. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्यासाठी पायाला भिंगरी लावून फिरले. ह्यातला अ‍ॅडम्स दोन्ही कंपन्यांसाठी काम केलेला. डिसेंबरात डीसीची मालक असलेल्या वॉर्नरनं प्रत्येकी वर्षाला 20 हजार डॉलर आणि नाव देण्याचं मान्य केलं. त्याच सिनेमातल्या थोडक्या मिनिटांच्या कामासाठी मार्लन ब्रँडोला 37 लाख डॉलर मिळाले.

1978चा तो ‘सुपरमॅन’ मला अतिशय आवडतो. ख्रिस्तोफर रीव्ह नुसता खांदे पाडून क्लार्क केंट होतो आणि ताठ उभा राहून सुपरमॅन, ह्यासारखा अभिनय ह्या सगळ्या सिनेमांत दुसरा नाही. सुरुवातीला ‘निर्मिती: जेरी सीगल आणि जो शुस्टर’ ही अक्षरं येतात तेव्हा मला त्यांच्यामागची ती लढाई दिसते.

बिल फिंगरला तेवढंही मिळालं नाही. बॅटमॅनचा पोशाख, त्याची गोष्ट, गॉथम शहराचं नाव, ह्यात त्याचा मोठा हात. बॉब केननं मात्र करार करून एकट्याचं नाव लावून घेतलं. फिंगर 1974 साली गेला. 1989चा बॅटमॅन आला, 2008चा बॅटमॅनचाच ‘डार्क नाइट’ येऊन गेला, त्यातल्या हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं, तरी फिंगरचं नाव कुठे नव्हतं. ते यायला 2015 उजाडलं, त्याच्या नातीच्या आणि काही चिवट चाहत्यांच्या प्रयत्नांनी.

ह्या दोन कंपन्यांचे वकील मात्र नावांच्या बाबतीत फार जागरूक. फॉसेट नावाच्या तिसऱ्या कंपनीचा कॅप्टन मार्व्हल चाळीसच्या दशकात सुपरमॅनहून जास्त खपायचा. आमच्या नायकाची नक्कल केली म्हणून डीसीनं 1941 साली खटला भरला, बारा वर्षं तो चालला, शेवटी फॉसेटनं 4 लाख डॉलर भरून तो नायकच बंद केला. त्या कॅप्टनच्या गोष्टी लिहिणारा ऑटो बाइंडर मग डीसीत गेला आणि तिथे त्यानं सुपरगर्ल घडवली. पुढे डीसीनं तोच कॅप्टन मार्व्हल भाड्यानं घेतला, पण तोवर ते नाव मार्व्हलनं आपल्या नावावर करून घेतलं होतं. म्हणून 2019 साली महिन्याभराच्या अंतरानं दोन सिनेमे आले. मार्चमध्ये मार्व्हलचा ‘कॅप्टन मार्व्हल’, एप्रिलमध्ये डीसीचा ‘शझाम’. दुसऱ्या सिनेमातला नायक हा मूळचा कॅप्टन मार्व्हल, आणि त्याला स्वतःचं नाव उच्चारायची सोय नाही.

सिनेमांच्या बाबतीत डीसीला मोठी आघाडी होती. ती एका मोठ्या स्टुडिओच्या घरातली होती, मार्व्हलला घरच नव्हतं. 1996च्या डिसेंबरात मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. हक्क विकले गेले होते किंवा जात होते: स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे. दुसऱ्यांनी त्यांवर करोडो कमावले. मग 2005 साली मार्व्हलनं मेरिल लिंचकडून साडेबावन्न कोटी डॉलर उचलले, आणि तारण म्हणून ठेवले आपल्या दहा मालमत्तांचे सिनेमाहक्क. कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, अँट-मॅन आणि अख्खा अ‍ॅव्हेंजर्सचा संच सावकाराकडे गहाण होता. सिनेमे पडले असते तर तो परत आला नसता. ह्या दहातले कितीतरी कर्बीच्या हातचे. म्हणजे सिनेमाधंद्यातला हा एवढा मोठा जुगार त्याच्या चित्रांच्या जिवावर खेळला गेला. 1994 साली तो वारला होता.

मला 2008 साल फार जवळचं आहे. मे महिन्याच्या घामात ‘आयर्न मॅन’ पाहिला, जुलैच्या पावसात ‘डार्क नाइट’. पहिल्यातून बाहेर पडताना मी हसत होतो, दुसऱ्यातून बाहेर पडल्यावर बराच वेळ गप्प होतो. दोन्ही हवे होते. एका घराला हलकेपणा साधला, दुसऱ्याला ओझं पेलता आलं, आणि त्या वर्षी कुणीच कुणाची नक्कल करत नव्हतं. नक्कल सुरू झाली पैशांचे आकडे दिसल्यावर. 2009 साली डिस्नेनं सुमारे 400 कोटी डॉलरना मार्व्हल घेतली, 2012चा ‘अ‍ॅव्हेंजर्स’ दीडशे कोटींवर गेला, आणि वॉर्नरला घाई झाली. मार्व्हलनं पाच सिनेमांत रांधलेलं त्यांना दोनात वाढायचं होतं. दोन्ही कंपन्यांनी 6 मे 2016 ही एकच तारीख धरून ठेवली होती. शेवटी ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ मार्चमध्ये सरकला, ‘सिव्हिल वॉर’ मेमध्ये आला. दोन्हीत दोन नायक एकमेकांवर तुटून पडतात. आणि एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते, दोन्ही लढायांच्या गाभ्याशी मेलेली आई आहे. एकीकडे आईचं नाव कानावर पडताच वार थांबतो, दुसरीकडे आईला कुणी मारलं हे कळताच वार सुरू होतो. पहिल्याची फार टिंगल झाली, मला ती पटली नाही. झॅक स्नायडरच्या त्या सिनेमात पुष्कळ काही विस्कटलेलं आहे, पण दुसऱ्याचीही आई आपल्यासारखीच मरू शकते हे उमगणं ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

पुढच्या वर्षी मुलीच्या मृत्यूनंतर स्नायडर ‘जस्टिस लीग’मधून बाजूला झाला आणि तो सिनेमा पुरा करायला आला जॉस व्हीडन, मार्व्हलच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा दिग्दर्शक. मार्व्हलसाठी सिनेमे करणाऱ्या जेम्स गन ह्या दिग्दर्शकाला डिस्नेनं 2018 साली काढलं, डीसीनं बोलावलं, डिस्नेनं परत घेतलं, आणि 2022 साली तो डीसीच्या अख्ख्या सिनेमाविभागाचा सहप्रमुखच झाला. 2025च्या जुलैत त्याचा ‘सुपरमॅन’ आणि मार्व्हलचा नवा ‘फँटॅस्टिक फोर’ दोन आठवड्यांच्या अंतरानं आले. पुन्हा सगळीकडे कोण जिंकलं ह्याचे हिशेब. मी भाच्याला घेऊन दोन्ही पाहिले. मार्व्हलच्या गोष्टींत पृथ्वी अनेक असतात, दुसऱ्यात त्या चौघांच्या पृथ्वीचा क्रमांक 828 आहे, आठवा महिना, अठ्ठावीस तारीख, म्हणजे कर्बीचा वाढदिवस. हे भाच्यानं मला अंधारात कोपरानं ढोसून सांगितलं.

त्या सन्मानामागेही वाट मोठी आहे. ऐंशीच्या दशकात मार्व्हलनं चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत द्यायला सुरुवात केली. इतरांना छोटासा कागद सहीला दिला, कर्बीला चार पानांचा खास करार. त्यानं काढलेली पानं दहा हजारांच्या वर, आणि देऊ केली 88. बाकीच्या चित्रकारांनी आवाज उठवल्यावर 1987 साली 2000च्या आसपास पानं परत आली, इतर गेली ती गेलीच. त्याच सुमारास डीसीनं एक भलं काम केलं, ते सांगितलंच पाहिजे: खेळण्यांच्या निमित्तानं कर्बीकडून त्याच्याच नव्या देवांचे पोशाख पुन्हा काढून घेतले, म्हणजे त्याला रीतसर मोबदला देता यावा. त्याच्या मुलांनी हक्क मागितले तेव्हा मार्व्हल कोर्टात गेली आणि दोनदा जिंकली. हे कंपनीनं सांगितलेलं काम होतं, असा निकाल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर असताना, 2014च्या सप्टेंबरात, तडजोड झाली.

कलाकारांनी आपसात हे वैर कधी मानलंच नाही. 1976 साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका अंकात आले, दोन डॉलरच्या मोठ्या आकाराच्या अंकात. लिहिणारा जेरी कॉनवे आणि काढणारा रॉस आंद्रू, दोघांनी दोन्ही नायकांवर काम केलेलं. जॉर्ज पेरेझनं ‘जस्टिस लीग’ आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या भेटीची पानं 1983 साली काढायला घेतली होती, संपादकांच्या भांडणात ती अडकली. वीस वर्षांनी ती भेट झाली तेव्हाही चित्रं त्याचीच. तो मरणपंथाला लागला तेव्हा, 2022 साली, दोन्ही कंपन्यांनी मिळून त्या अंकांच्या 7000 प्रती पुन्हा छापू दिल्या, गरजू कॉमिक-कलाकारांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी. त्या मुखपृष्ठांवर माणसं इतकी दाटलेली आहेत की मोजता मोजता रात्र सरेल. प्रत्येकाचा चेहरा निराळा.

आपल्याकडची एक नोंद इथे करायलाच हवी. 2004 साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग ह्यांनी मुंबईत राहणारा, धोतर नेसलेला स्पायडरमॅन आणला, पवित्र प्रभाकर. 2023च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तो पडद्यावर आला, आणि तो सिनेमा मराठीतही डब झाला होता. मी मराठीतलाच पाहिला. फोर्टच्या फुटपाथवर विकत मिळालेला तो पोरगा आता माझ्या भाषेत बोलत होता. त्याच्या आधीच्या, 2018च्या भागाच्या शेवटी ली आणि डिट्को ह्या दोघांचीही आठवण काढली आहे, त्याच वर्षी दोघं गेले होते. एका पडद्यावर दोन नावं एकत्र, ह्याचं मला फार समाधान वाटलं. 1966 साली डिट्को मार्व्हल सोडून गेला, काही काळ डीसीसाठीही राबला, आणि मुलाखत द्यायला कायम नाही म्हणत राहिला.

1 जानेवारी 2034 ला अमेरिकेत सुपरमॅनच्या पहिल्या अंकाचा कॉपीराइट संपेल, त्यानंतर वर्षभरानं बॅटमॅनच्या पहिल्या गोष्टीचा. ट्रेडमार्क राहतील, पण 1938चा तो पहिला सुपरमॅन सगळ्यांचा होईल. त्याला अजून उडता येत नाही, तो लांब लांब उड्या मारतो. पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि लाच चारणाऱ्या दलालाला उचलून विजेच्या तारांवरून धावतो. मंदीत वाढलेल्या दोन मुलांना ज्यांचा राग होता, त्या सगळ्यांशी तो भिडतो. माझा भाचा तेव्हा विशी ओलांडलेला असेल. त्याच्या वह्यांच्या मागच्या पानांवर आत्ताच उड्या मारणारी माणसं भरलेली आहेत. त्याला मी सांगून ठेवलंय, की तुला तो सुपरमॅन काढावासा वाटला तर कुणाची परवानगी लागणार नाही, पण पहिल्या पानावर सीगल आणि शुस्टर ही दोन नावं घालायची, आणि त्यांच्याखाली तुझं.